पुरात न बुडालेली गाडी

आमच्या घरात गेली वीस वर्षं एक वाक्य चालत आलं आहे : ‘गाडी पुरात गेली.’ अम्मी ते म्हणते, चाचा म्हणतात, जन्मालाही न आलेली भाचरंसुद्धा म्हणतात. गाडी म्हणजे अब्बांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी आणि पूर म्हणजे जुलै २००५चा महाडचा पूर. गाडी वाहून गेली नाही, ती आजही अंगणात उभी आहे. पण त्या पावसाळ्यापासून तिच्या पायाखालची जाजमं ओली राहू लागली, मग वास, मग गंज, आणि शेवटी डाव्या बाजूच्या पत्र्याला एवढं भोक पडलं की त्यातून खालची खडी दिसायची. याला जबाबदार कोण हेही ठरलेलं होतं. अम्मीने दुपारीच सांगितलं होतं की गाडी वरच्या रस्त्याला लावून या. अब्बा ‘लावतो’ म्हणाले आणि मशिदीत गेले, कारण खालच्या गल्लीतली माणसं तिथे येऊन बसली होती. गाडी अंगणातच राहिली.

अब्बा २०१८ साली अल्लाहला प्यारे झाले. त्यानंतर गाडी धाकट्या भावाकडे पनवेलला होती, म्हणून २०२१च्या महापुरातून वाचली. पुढच्या वर्षी तिची नोंदणी पुन्हा करावी लागणार. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीला दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षं पूर्ण झाली तर सरकारच्या २०२१च्या नियमाप्रमाणे ती ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवू शकते, पण आमची अजून दहा वर्षांनी कमी आहे. म्हणजे म्हातारी झाली, पण मान मिळण्याएवढी नाही. भाऊ म्हणाला, ‘आपा, पुरातली गाडी कधी सुधारत नाही. भंगारवाल्याशी बोललोय.’

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, बीएडला इतिहास ही माझी दुसरी पद्धत होती. मुलांना मी सांगते की ऐकीव गोष्ट आणि पुरावा वेगळे ठेवा. घरात मात्र वीस वर्षं मी स्वतः ऐकीव गोष्टीवर चालले होते. भावाला म्हटलं, मे महिन्याची सुट्टी आहे, पाणी नक्की कुठून येतं एवढं मला शोधू दे. मग तू म्हणशील ते.

पाण्याचा माग काढायचा तर ही गाडी कशी घडली ते माहीत हवं, म्हणून थोडं मागे जाते.

मोटारगाडी सुरुवातीला टांग्यासारखीच होती : खाली जाड लोखंडी चौकट, वर लाकूड-पत्र्याची पेटी. पावसाचं पाणी पेटीत शिरलं तर फळी कुजायची, सुतार ती बदलायचा, चौकटीला काही होत नसे. समोरची काच सपाट, पितळी नाही तर लाकडी चौकटीत बसवलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास गाड्यांच्या रचनेत मोठा बदल झाला. वेगळी चौकट गेली, आणि पातळ पत्र्याचे पोकळ डबे एकमेकांना वेल्डिंगने जोडून त्यांचंच अंग आणि त्यांचाच सांगाडा झाला. गाडी हलकी आणि स्वस्त झाली. पण तेव्हापासून पाणी हा अंथरुणाचा प्रश्न उरला नाही, हाडांचा झाला. तळाचा पत्रा किंवा दाराखालचा पोकळ उंबरा गंजला की गाडीचा कणाच गंजला.

फियाट ११०० ही याच नव्या घडणीची. १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. ती बनवली इटलीतल्या तुरीन शहराने, आणि तुरीनला वर्षभरात साधारण नऊशे-हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. म्हणजे तुरीनचं सगळं वर्ष एका दिवसात. आमच्या कोकणात तर तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस नेहमीचाच. अशा मुलखात ही गाडी आली आणि जवळजवळ अर्धशतक राहिली.

कशी आली तेही सांगण्यासारखं आहे. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग फियाटशी करार झाला. त्यावेळी मुंबईत जनरल मोटर्सचाही कारखाना होता, शिवडीला, १९२८पासून. पण सरकारने धोरण बदललं : नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा नाही, इथेच भाग बनवायचे. जनरल मोटर्स १९५४ला गेली, फोर्डनेही गाशा गुंडाळला. उरल्या त्या कुर्ल्याची फियाट, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याची अ‍ॅम्बेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीसेक वर्षं हिंदुस्थानी माणसाला याच तिघींतून निवड करायची होती, आणि तीही नंबर लावून.

पन्नाशीतल्या त्या गोलमटोल फियाटला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ नाव दिलं. आमच्या मोहल्ल्यातही एक होती म्हणे. दादा तिला नुसती ‘गोल फियाट’ म्हणायचे आणि कुणी पूर्ण नाव घेतलं की खाकरायचे.

पुढे १९६४च्या सुमारास ११०० डी हे मॉडेल इथे आलं आणि १९७४ साली त्याच गाडीला नवं नाव मिळालं : पद्मिनी. तीच, चित्तोडची राणी. या नावापाशी थोडं थांबते, कारण माझ्या शोधाशी त्याचा संबंध आहे. अलाउद्दीन खिलजीने चित्तोड घेतलं १३०३ साली. अमीर खुसरो त्या मोहिमेत सोबत होता आणि त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात पद्मिनीचं नाव नाही. ती आपल्याला भेटते मलिक मुहम्मद जायसीच्या ‘पद्मावत’मध्ये, १५४० साली, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. जायसी हा सूफी कवी, त्याचं काव्य अवधी भाषेतलं आणि त्याची अनेक हस्तलिखितं फारसी लिपीतली. इटलीत घडलेली, कुर्ल्यात बनलेली, सूफी कवीने अजरामर केलेल्या राणीचं नाव लावून फिरणारी गाडी! आणि तिच्याबद्दल आमच्या घरात रुजलेली गोष्ट तरी समकालीन पुराव्यावर होती की नंतर रचलेली, हेच मला पाहायचं होतं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका जुन्या मिस्त्रींना बोलावलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कुर्ल्यात फियाटच्या टॅक्सींचं डेंटिंग करण्यात काढली, आता गावी शेती बघतात. मुंबईत पद्मिनी टॅक्सी नोंदवणं बंद झालं, ताडदेवला शेवटची नोंद झाली २९ ऑक्टोबर २००३ला, आणि वीस वर्षांची मुदत संपून ती ३० ऑक्टोबर २०२३पासून रस्त्यावरून गेली. चाचांचं काम त्याच्या आधीच आटलं होतं. मी पाण्याचा पाइप घेऊन तयारच होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. ‘टीचर, पहले सुखाओ. गीली गाडी में पानी कैसे ढूँढोगी?’

मग पहिले दोन दिवस नुसतं उघडणं आणि सुकवणं. सीटा काढल्या, जाजम काढलं, त्याखालचा नमदा काढला. पुढच्या डाव्या बाजूचा नमदा भिजलेल्या पावासारखा हातात आला. दारांच्या आतली पुठ्ठ्याची झाकणं काढली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाडीचं दार पाणी अडवायला बनवलेलंच नसतं. काच खाली जाते त्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच, ते धरून चालायचं असतं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, पाणी तिथून बाहेर पडावं. आत मेणकागद किंवा प्लास्टिक चिकटवलेलं असतं, पाणी माणसाच्या बाजूला येऊ नये म्हणून. भोकं चिखलाने किंवा रंगाने बुजली, किंवा रेडिओचा स्पीकर बसवणाऱ्याने प्लास्टिक फाडून फेकलं, की दार म्हणजे हौद. चाचा म्हणाले, निम्म्या टॅक्सींना हाच रोग असे. सायकलच्या स्पोकने ते भोकं मोकळी करायचे आणि पाच रुपयांचं काम म्हणून कुणी त्यांना पैसे द्यायचं नाही.

आमच्या गाडीची भोकं मोकळी होती. चारही दारांची. आणि इथेच मला पहिला धक्का बसला.

घराची मागची खोली दोन पायऱ्या खाली आहे. २००५ला तिच्यात पुराचं पाणी भरलं होतं. तिथलं धान्याचं लाकडी कपाट आम्ही किती वेळा धुतलं असेल, पण आजही त्याच्या सांध्यांत चाकूचं टोक घातलं तर सावित्रीचा तो पिठासारखा बारीक गाळ निघतो. पुराचं पाणी जिथे शिरतं तिथे असा गाळ ठेवून जातं आणि भिंतीवर सरळ आडवी रेघ ओढून जातं. गाडीच्या दारांत असा गाळ नव्हता. मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या घड्यांत नव्हता. दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात चाचांनी तार घालून फिरवली, तारेला गंजाचा चुरा आला, माती आली नाही. मागच्या बाजूचा मूळ नमदा तर कोरडा आणि स्वच्छ. आडवी रेघ कुठेच नाही. उलट डॅशबोर्डच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, वरून खाली आलेली गंजाची उभी तपकिरी धार होती, भिंतीवरून पानाची पिचकारी ओघळावी तशी.

मी अंगणात जाऊन पायऱ्या बघितल्या. त्या रात्री पाणी पहिल्या पायरीपर्यंत आलं होतं, हे अम्मी स्वतःच सांगते. गाडी उभी होती तिथे पहिल्या पायरीएवढं पाणी म्हणजे चाकं भिजतात, बाकी काही नाही. वीस वर्षांत हा हिशेब आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. मी शिक्षिका असूनही!

मग जाजम ओलं कशाने झालं होतं? पूर ओसरल्यावर भावाने दार उघडलं तेव्हा आत पाणी साचलेलं होतं, त्याने ते स्वतः उपसलं होतं. त्याने पाहिलं ते खरं होतं, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासायचा होता.

आता पाइपची पाळी आली. चाचांची पद्धत अशी : खालून वर जायचं. आधीच छतावर पाणी मारलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आधी दाराखाली, मग दाराच्या कडा, मग खिडक्यांच्या तिकोनी काचा, आणि सर्वांत शेवटी समोरची काच. प्रत्येक जागी दहा मिनिटं, धार बारीक, कारण जोराची धार पाऊस जिथे जात नाही तिथेही पाणी घालते. आत एक माणूस बॅटरी घेऊन बसलेला. तो माणूस मी. शाळेतून आणलेल्या खडूचा चुरा करून मी डॅशबोर्डखालच्या पत्र्यावर आणि तळावर भुरभुरवला होता. पाण्याचा एक थेंब जरी त्यावरून गेला तरी रेघ उमटते आणि मागे मागे जाता येतं. दारांच्या रबरांसाठी त्याहून सोपी युक्ती : वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. घट्ट आली तर रबर ठीक, सहज निघाली तर तिथे फट. आमच्या मागच्या उजव्या दाराची पट्टी सहज निघाली, पण तिथून आत आलं ते अगदी थोडं पाणी, पायपुसण्यावर निभावण्याएवढं.

समोरच्या काचेवर पाणी सोडल्यावर चौथ्या-पाचव्या मिनिटाला खडूवर रेघ आली. डाव्या कोपऱ्यातून. पण ती काचेच्या कडेशी सुरू होत नव्हती. डॅशबोर्डच्या मागे एक जुनी काळी वायर लोंबत होती, तिच्यावरून पाणी मण्यांसारखं सरकत खाली येत होतं आणि वायर जिथे सर्वांत खाली झुकली होती तिथून टपकत होतं. बरोबर त्या भोकावर.

‘पानी जिधर दिखता है ना, उधर से कभी नहीं आता,’ चाचा बाहेरून म्हणाले. ती वायर रेडिओच्या एरियलची होती.

एरियल मला आठवत होती. बॉनेट आणि काचेचा खांब यांच्या मधल्या पत्र्यावर, ओढून लांब करायची चकचकीत काडी. लहानपणी भावाने ती वाकवून मोडली आणि मार खाल्ला. नंतर कुठल्याशा गॅरेजवाल्याने भोक लांबीने बुजवून वर रंग मारला होता. लांबी म्हणजे शेवटी भुकटीचा लगदा, पत्रा उन्हात ताणतो-आखडतो तशी ती ताणत नाही. बाहेरून पाहिलं तर केसाएवढी चीर दिसत होती, रंगाचा ओरखडा वाटावा अशी.

पण दोष एकट्या भोकाचा की काचेच्या रबराचाही, हे वेगळं काढायला हवं होतं. भोकावर चिकटपट्टी लावून पुन्हा दहा मिनिटं पाणी मारलं. आता धार नव्हती, पण काचेच्या कोपऱ्याखाली ओल फुटली. म्हणजे चोर दोन होते. जुन्या गाड्यांची काच रबराच्या जाड गोटात बसवलेली असते : गोटाच्या एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कड. आजच्या गाड्यांच्या काचा चिकटवलेल्या असतात, त्यांना गोट लागत नाही. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक होतं, कोपऱ्यात आखडतं, बारीक भेगा पडतात. दहा-बारा वर्षांपूर्वी एकाने आमच्या काचेच्या गोटावर वरूनच सिलिकॉनचा थर फिरवून दिला होता. त्याचा काही महिने उपयोग झालाही असेल. पण आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट त्याने बंद केली, आणि ते सिलिकॉन आंबूस वास येणाऱ्या जातीचं होतं. सुकताना ते आम्ल सोडतं. उघड्या पत्र्यावर आम्ल आणि कोंडलेलं पाणी, मग गंजाला आणखी काय हवं?

आता तारखेचा प्रश्न. हे भोक केव्हापासून गळत होतं? पुराआधी की नंतर? गंजाला बोलता येत नाही. नोंदणीच्या पुस्तकात २००६ सालचा नूतनीकरणाचा शिक्का सापडला, म्हणजे पुरानंतर वर्षभरात गाडी तपासणीत पास झाली होती. हा पुरावा उपयोगी, पण पुरेसा नाही.

डॅशबोर्डच्या खणात अब्बांची खर्चाची वही होती. ती तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण भाऊ पहिल्यापासून मराठी शाळेत शिकला, त्याला उर्दू वाचता येत नाही, आणि अम्मीला चष्म्यानेही ते अक्षर लागत नाही. अब्बांचं हस्ताक्षर शिकस्ता वळणाचं, नुक्ते निम्मे गायब. वहीचा डावा काठ ओलीने फुगलेला, शाई निळी पसरलेली. म्हणजे जे पाणी मी शोधत होते त्यानेच तिच्या ओळींची एक बाजू खाल्ली होती. मी ती दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवली आणि पानांमध्ये टिपकागद घालत एकेक पान सोडवलं.

बहुतेक नोंदी पेट्रोलच्या. लिटर, रुपये, किलोमीटर. टायर, प्लग, बॅटरीचं पाणी. डिसेंबर १९९२ मध्ये : रेडिओ मय एरियल. रक्कम पुसली गेली आहे, पण त्या रकमेवरून अम्मीने केलेली कटकट मला अजून आठवते. घरात रेडिओ असताना गाडीत कशाला? अब्बांनी कारण सांगितलं नव्हतं. मला ते माहीत आहे असं वाटतं. २ ऑगस्ट १९९०ला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा अब्बा तिथे होते. दिवसचे दिवस त्या खोलीतल्या आठ माणसांना बाहेरच्या जगाचं जे काही कळलं ते एका छोट्या रेडिओवरून. नंतर ते बसने अम्मानला पोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. असे सुमारे एक लाख सत्तर हजार हिंदुस्थानी त्या दोन महिन्यांत आणले गेले. अब्बांच्या हातात एक बॅग होती. आधी पाठवलेल्या पैशांतून ही सेकंडहँड गाडी आली. त्यानंतर जिथे रेडिओ नाही तिथे ते फार वेळ बसत नसत. आणि १९९२चा तो डिसेंबर मुंबई-महाराष्ट्रात कसा होता, हे मी सांगायला नको.

मग जून १९९८ : ‘बारिश. डैश के नीचे नमी.’ जुलै २००३ : ‘बाईं तरफ़ का नमदा फिर भीगा.’ ‘फिर’ हा शब्द मी तीन वेळा वाचला. पुढच्या ओळीत फक्त एक शब्द आणि प्रश्नचिन्ह : ‘एरियल?’

जुलै २००५च्या पानावर गाडीचं नावही नाही. ‘मस्जिद — चावल दो बोरी, दाल, मिट्टी का तेल.’ त्याखाली जुई आणि दासगाव ही दोन गावांची नावं, पुढे काही न लिहिता सोडलेली. त्या रात्री दरडींखाली ही गावं गाडली गेली. अब्बांच्या ओळखीची माणसं होती तिथे.

म्हणजे अब्बांना माहीत होतं. पुराच्या दोन वर्षं आधीपासून गाडी गळत होती आणि कुठून याचाही त्यांना अंदाज होता. तरी तेरा वर्षं ‘तुम्ही गाडी वर लावली नाही’ हे ऐकून घेतलं. का, ते वहीत नाही. एरियलवरून पुन्हा भांडण नको म्हणून? की ज्या रात्री शेजारच्या गावांत माणसं गाडली गेली त्या रात्रीच्या गाडीबद्दल बोलण्याची त्यांना लाज वाटत होती? मला दुसरं कारण खरं वाटतं, पण मी त्यांची मुलगी आहे, माझी साक्ष धरू नका.

भावाला मी ती तीन पानं वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘एरियल मी मोडली होती.’ भंगाराचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. खर्च किती येईल तेवढं विचारलं.

दुरुस्ती शोधापेक्षा सोपी. काच उतरवली. गोटाखालची पत्र्याची कड डाव्या कोपऱ्यात वीतभर खाऊन गेली होती. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडला, तळाचं भोकही तसंच. चाचांनी सडलेल्या पत्र्यावर पत्रा चढवू दिला नाही. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, मगच वेल्डिंग, मग रेड ऑक्साइड, मग रंग. एरियलच्या भोकावरही लांबी नाही, पत्र्याची चकती वेल्ड केली. नवा रबर गोट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भावाने आणला. ही गाडी २०००च्या सुमारापर्यंत जवळपास त्याच रूपात बनत राहिली, त्याचा हा एक फायदा.

काच बसवण्याची कला मात्र पाहण्यासारखी. गोट आधी काचेला चढवायचा. त्याच्या बाहेरच्या खाचेत चारही बाजूंनी सुतळीएवढी दोरी दाबायची, दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. मग बाहेरचा माणूस तळव्याने हलके ठोकत राहतो आणि आतला माणूस दोरी ओढत जातो. दोरी निघते तशी रबराची जीभ पत्र्याच्या कडेवरून आत येऊन बसते. मी दोरी ओढत होते. अर्ध्यात घाई केली तर चाचा ओरडले, ‘धीरे टीचर, काँच है, बच्चा नहीं.’ मुलांना मी ओढते असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाआधी आम्ही पुन्हा पाइप लावला. या वेळी आत बसायला अम्मी तयार झाली. डाव्या सीटवर, चपला काढून, पाय नव्या नमद्यावर. तिला वहीतलं सगळं मी आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं. तिने काहीच म्हटलं नव्हतं, फक्त तांदळाच्या दोन बोऱ्यांवर म्हणाली होती, ‘दोन नव्हे, तीन. तिसरी माझ्या पैशांची.’

वीस मिनिटं काचेवर पाणी पडत होतं. वायपर नीट चालत नव्हते, आतून ती धूसर दिसत होती. मग तिने वाकून पायाखाली हात फिरवला, तळवा उलटा करून पाहिला आणि खिडकीची काच थोडी खाली केली.

‘सुकं आहे,’ ती म्हणाली. ‘आता तो रेडिओ कुठे ठेवलात, तो काढा.’